काजळी आणि वाटी

४ मार्च

धागेवालीने आज माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. जनुकांचे धागे वाचणारी ही मुलगी विभागात आल्यापासून कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर असा कागद ठेवते, आणि त्या माणसाचा पुढचा महिना वाया जातो. आज माझी पाळी.

“मॅडम, काजळी आणि वाटी एकच आहेत.”

“कोण म्हणतं?”

“मी पुन्हा पुन्हा लावून बघितलं.”

“आणखी एकदा लाव.”

“लावलं. म्हणून तर आले.”

काजळी ही माझी बुरशी. मी शोधली, मी वर्णन लिहिलं, मी नाव ठेवलं. वाटी त्याची. म्हणजे ज्याच्याशी मी लग्न केलं होतं आणि नंतर मोडलं, त्याची. काजळी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढते, काळपट, मऊ, दिव्याच्या काचेवर धरते तशी. वाटी लाकडावर येते, ओल्या कुजक्या काटकीवर, मसुराएवढी, पिवळी, खरोखरची वाटी. दोघींना एक म्हणणं म्हणजे मांजर आणि मांजराची सावली एकाच वजनाची म्हणणं.

कागद परत दिला. कप फुटला. फोडला नाही, फुटला.

५ मार्च

घरी आल्यावर आईने विचारलं, तोंड का असं. सांगितलं. तिला कळणार नाही या समजुतीने सविस्तर सांगितलं.

पिशवीच्या बुरश्यांचं असं असतं. लिंबावरची हिरवी, लाकडावरची काळी, पाव फुगवणारं यीस्ट, सगळ्या त्याच घराण्यातल्या. घराण्याची खूण एक सूक्ष्म पिशवी. काडीसारखी उभी, आत शेंगेतल्या दाण्यांसारखे बीजाणू, बहुधा आठ. पण पिशवी जोडीशिवाय होत नाही. दोन धागे भेटले, जुळले, तर पिशवी. नाही भेटले तर बुरशी कुणाची वाट बघत बसत नाही. एकटीच वाढते, सुरईसारख्या पेशींच्या तोंडातून बीजाणूंच्या माळा सोडते आणि पसरते. एकटीचं रूप एक, जोडीचं दुसरं, आणि एकावरून दुसरं ओळखता येत नाही. म्हणून आमच्या लोकांनी एकेकाळी दोन कपाटं केली. जिची पिशवी सापडली ती पूर्ण. जिची सापडली नाही ती अपूर्ण. कपाटावर तसं रंगवलेलंच होतं. माझी सगळी नोकरी अपूर्णच्या कपाटात गेली. आता नियम बदलला. कपाट मोडलं. एक बुरशी, एक नाव. दुसरं जातं.

आई वाटाणे सोलत होती. म्हणाली, “म्हणजे माहेरचं एक नाव, सासरचं एक. बायकांचं होतं तेच की.”

“तसं नाही, आई.”

“मग कसं?”

मी एक शेंग उचलून सोलायला लागले. ती म्हणाली, “तुझा धंदाच नावं ठेवण्याचा. बुरशीपासून सुरुवात केलीस, जावयापर्यंत आलीस.”

उठून खोलीत आले. जावई! अजून जावईच म्हणते.

७ मार्च

दोन नावांपैकी आधीचं राहतं, असा साधा नियम. पण आमचे दोन लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले होते. एकामागे एक, जोडीने. संपादकाला ते गोड वाटलं होतं. त्यामुळे आधीचं कुठलंच नाही. अशा वेळी नियम असा की जो कुणी पहिल्यांदा छापून सांगेल, या दोन्ही एकच आहेत आणि मी अमुक नाव ठेवतो, त्याची निवड चालते. कायमची. मागून कुणी ओरडून उपयोग नाही.

अर्ध्या पानाची टीप पुरते. मी ती आज सकाळी मनात लिहून काढली. पुरावा मात्र धागेवालीचा आहे. पाठवली नाही. पाठवायची इच्छा झाली नाही, असं म्हणणार नाही.

आता नावांबद्दल. काजळीला मी लॅटिनमधला ‘हट्टी’ या अर्थाचा शब्द दिला होता, कारण स्पिरिटने पुसली तरी ती परत यायची. तेव्हा तो म्हणाला होता, “स्वतःचंच नाव ठेवलंस की.” आणि त्याने वाटीला माझं नाव दिलं. माझं खरं नाव, शेपटाला लॅटिन प्रत्यय लावून. आमचं लग्न नवं होतं. लोकांनी त्याचं कौतुक केलं. नवरा सोडता येतो, पण ठेवलेलं नाव मागे घेता येत नाही. जगभरची माणसं इतकी वर्षं ती वाटी माझ्या नावाने हाक मारून तपासत आहेत.

बुरशीच्या नावामागे, ते ज्याने ठेवलं त्याचं नाव लागतं. काजळी राहिली तर शेवटी माझं नाव लागेल. वाटी राहिली तर मी नावाच्या आत आणि तो नावाच्या शेवटी. मी बाटलीत, तो झाकणावर.

दुपारी प्रमुखांनी बोलावलं. आम्ही त्यांना शिक्का म्हणतो. त्यांच्या हातून दुसरं काही उमटत नाही.

“छान झालं हो,” शिक्का म्हणाले. “दोघांचं एक झालं.”

“बुरश्यांचं.”

“तेच म्हणतोय. वाटीचं नाव ठेवू या. फोटो काय सुंदर येतो तिचा! माहितीपत्रकावर वाटी शोभते. काजळी कोण छापणार? लोकांना वाटेल छपाई डागाळली.”

“नाव फोटोवरून ठरत नाही.”

“सगळं फोटोवरून ठरतं, बाई. तुम्ही अपूर्णवाल्यांनी कधी लक्ष दिलं नाही, म्हणून तुमचं कपाट गेलं.”

दार आपटलं. ते दार आपटत नाही, त्याला वरती दट्ट्या आहे, हळूहळू बंद होतं. मी बाहेर उभी राहून ते बंद होईपर्यंत बघत होते.

११ मार्च

धागेवालीने सुकवलेल्या वाट्या आणून दिल्या. म्हणाली, “मॅडम, जनुकांनुसार वाटी निळ्या टोकाच्या कुळात बसते. सरांच्या वर्णनात निळं होत नाही असं आहे. तुम्ही एकदा बघाल?”

हे साधं आहे. पिशवीवर आयोडीनचा थेंब सोडायचा. काही कुळांत पिशवीचं टोक निळं होतं, काहींत होत नाही. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही हे करतो. तसं करूनच कूळ ठरतं.

वाटीचा पातळ काप घेतला. थेंब सोडला. डोळा लावला.

निळं.

शंका घ्यायला जागा नाही इतकं निळं. दुसरी वाटी घेतली, जुन्या पेटीतली, त्याने स्वतः गोळा केलेली. तीही निळी.

म्हणजे त्याने चुकीचं लिहिलं. ‘आयोडीनने निळसर होत नाही.’ त्या एका वाक्यावरून वाटी परक्या कुळात गेली. पुस्तकांत गेली, किल्ल्यांत गेली. किल्ली म्हणजे ओळखीची प्रश्नावली, टोक निळं का, हो तर इकडे, नाही तर तिकडे. जगातल्या प्रत्येक किल्लीत ही वाटी तिकडे आहे. म्हणून तर काजळीचं नातं कुणाला सापडलं नाही. काजळीचे बाकीचे सोयरे निळ्या टोकाचे, हे मी तेव्हाच छापलं होतं. कुणी वाटीकडे बघितलंच नाही. मीही नाही. मी का बघावं? ती तपासलेली होती. तपासणारा मोठा माणूस होता.

उद्या जाते. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

१२ मार्च

तो असतो ती लाकडाची संस्था, आमचीच शाखा, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. बस बदलावी लागते. आत गेले तर तो खिडकीशी काटक्या निवडत बसला होता. मी दारात उभी. त्याने मान वर केली, माझ्या दिशेने बघितलं आणि पुन्हा काटक्यांत घातली. हा अपमान मी मोजून घेतला. मग म्हणाले, “काम आहे.”

“अगं, तू!” म्हणे. जणू आत्ता दिसले. नाटकी माणूस.

बोलतानाही डोळ्याला डोळा देत नव्हता. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता. चोर असाच बघतो. दिवसाउजेडी टेबलावर भला मोठा दिवा लावलेला. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या पोरांच्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरात. म्हातारपणी हौस वाढते. काटक्यांवरून अंगठा फिरवून तो वाट्या शोधत होता. “बोटाला कळतं,” म्हणाला. कवी व्हायचं राहिलंच होतं.

मी काचपट्टी पुढे केली. “बघ.”

“तूच बघ. काय दिसतं सांग.”

“मी बघितलंय. तू बघ म्हणून आणली.”

“तुझ्यावर विश्वास आहे.”

इतकी वर्षं नव्हता. आज आळस आला म्हणून आहे.

“टोक निळं होतं,” मी म्हणाले. “झगझगीत. तू लिहिलंस होत नाही. कसं लिहिलंस?”

तो म्हणाला, “त्या दिवशी आयोडीनची बाटली तू उचलून नेली होतीस.”

मला क्षणभर कळलं नाही.

“भांडण झालं होतं,” तो म्हणाला. “तू तुझ्या टेबलावर नेऊन ठेवलीस. लेख दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मागायला आलो नाही.”

“आणि लिहून टाकलंस, होत नाही.”

“त्या वंशातल्या बाकीच्यांचं होत नव्हतं. ही पण त्यातलीच वाटली.”

तेव्हा एकाच खोलीत, दोन हातांवर माझं टेबल होतं. दोन हात! अख्ख्या जगाने एका वाटीला परक्या घरात बसवलं, कारण या माणसाला बायकोकडे बाटली मागायची नव्हती. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. बाहेर शिपाई थांबला होता, त्यानेही ऐकलं. ऐकू दे.

निघताना तो म्हणाला, “भांडण कशावरून होतं, आठवतं?”

“नाही.”

आठवतं. माझ्या बशीत काळा डाग आला होता आणि मी म्हणाले होते, तुझ्या काटक्यांची घाण. तो म्हणाला होता, तुझी काजळी माझ्या काटक्यांवर बसते, रोज स्पिरिटने पुसावी लागते, आणि पुसली की वाट्या येत नाहीत.

१३ मार्च

पुसली की वाट्या येत नाहीत.

तो हे दर आठवड्याला बोलायचा. मी दर आठवड्याला ऐकायचे. दोघेही बुरशीशास्त्रज्ञ. एकाही शहाण्याला कळलं नाही की आपण एकीलाच दोन्हीकडून पुसतोय.

संताप. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१८ मार्च

धागेवालीला म्हटलं, लेखात वाटीचं वर्णन नव्याने लिहून घे त्याच्याकडून. त्याची चूक, त्यानेच निस्तरावी.

ती बोटं मोडत राहिली. “मॅडम, सर कसे लिहिणार?”

“हाताने.”

“त्यांना दिसत नाही.”

“चष्मा बदल म्हणावं.”

“चष्म्याचं नाही. डोळ्याच्या पडद्याचं आहे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. सूक्ष्मदर्शकात तर काहीच नाही. दोन वर्षं झाली. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

तिच्यावर ओरडले. तिची काही चूक नव्हती, म्हणून जास्तच ओरडले.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “हो, डावा आधी गेला. उजवाही आता बराच गेलाय.”

“तुला माहीत होतं?”

“रविवारी फोन करतो तो.”

“दर रविवारी?”

“तू भाजी आणायला जातेस तेव्हा.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“त्याचा विषय काढला की भांडी आपटतेस. त्यात माझा एक पेला गेला.” मग म्हणाली, “तो म्हणाला होता, सांगू नका. ती कीव करायला लागली तर मला सहन व्हायचं नाही, चिडलेलीच बरी.”

म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलं, हिला चिडू द्या. मी दारात उभी राहिले तेव्हा त्याला एक आकृती दिसली असेल, आणि मी अपमान मोजत होते. मला वेड्यात काढलं. त्याच्या डोळ्यांचं मला काही नाही. मला वेड्यात काढलं, त्याचा राग आहे.

जेवले नाही. भूक नव्हती.

२२ मार्च

शिक्का स्वतः माझ्या खोलीत आले. कपाटांकडे बघत उभे राहिले. आवाज मखमली.

“तुमच्या… म्हणजे सरांबद्दल कळलं. वाईट झालं. ते या वर्षी निवृत्त होतायत. त्यांच्या निरोपसमारंभात वाटीचं नाव जाहीर करावं, असं मनात आहे. त्यांचं नाव राहील. माणसाला एवढा तरी आधार.”

“आणि माझं?”

“तुमचं त्या नावातच आहे की! दोघांचंही राहतं. असं भाग्य किती जणांचं?”

मी विचारलं, “माहितीपत्रक छापायला गेलं का?”

ते थोडे लाल झाले. गेलं होतं.

“दयेने नाव ठेवत नाहीत,” मी म्हणाले. “दयेने खुर्ची देतात. ती द्या त्यांना, चांगली, हात असलेली.”

“तुम्ही फार कडवट आहात.”

“मी नमुना आहे, साहेब. चव बघू नका, वर्णन करा.”

ते गेल्यावर धागेवाली आत आली. तिने बाहेरून ऐकलं होतं. हसू दाबत होती. मग तिने दुसरी बातमी दिली, आणि माझं हसू गेलं. तिने त्याला विचारलं होतं, निवड काय करू. तो म्हणाला, काजळी ठेव. माझं जाऊ दे.

म्हणजे आता तो मला देणार! माझंच नाव, मला, दान म्हणून. शिक्का त्याच्यावर दया करणार, तो माझ्यावर करणार, आणि मी हात जोडून मधे उभी राहणार.

२४ मार्च

पुन्हा गेले. या वेळी दारातूनच म्हणाले, “मी आले आहे.”

“कळलं. पावलं आपटतेस.”

“उपकार नको मला तुझे.”

“कसले उपकार?”

“काजळी ठेव म्हणालास.”

त्याने हातातली काटकी खाली ठेवली. “वाटी वर्षातून आठवडाभर दिसते. त्यातही पाऊसपाणी जमलं तर. काजळी बारा महिने असते. लाकूडवाले, शेतीवाले, दवाखान्यातले लोक, सगळे तिलाच ओळखतात, तिच्याच नावाने लिहितात. ते नाव काढून टाकलं तर शंभर ठिकाणी गोंधळ होईल. वाटी कुणाला हवी आहे? मला, आणि शिक्क्याला.”

मी या बोलण्यात खोट शोधली. सापडली नाही. त्याचा आणखी राग आला. इतका वेळ मी जे मुद्दे घोकत आले होते, तेच याने सांगून टाकले.

“आणि तुझं नाव मी तुला न विचारता ठेवलं होतं,” तो म्हणाला.

“विचारलं असतंस तर नको म्हणाले असते.”

“म्हणून विचारलं नाही.”

त्याचा मोठा दिवा चालू होता. त्याला त्याचा काय उपयोग, असं मनात आलं. विचारलं नाही.

मग तो म्हणाला, “काचपट्टी आणली आहेस?”

आणली होती. का आणली, माहीत नाही. पिशवीत होती.

“वाच.”

मी त्याच्या सूक्ष्मदर्शकाशी बसले. भिंगावर धूळ. पुसली. वाचलं. वाटीचा काप. तळाशी धाग्यांची दाट वीण. वर पिशव्या, एकीला एक लागून, काड्यापेटीतल्या काड्या उभ्या केल्यासारख्या. मधूनमधून वांझ धागे, पिशव्यांपेक्षा थोडे उंच, टोकाला फुगलेले.

“किती फुगलेले?”

“दीडपट.”

“मी दुप्पट लिहिलं होतं.”

“तू नेहमीच वाढवून लिहितोस. बीजाणू आठ. एका रांगेत नाहीत, तिरपे, एकमेकांवर कलंडलेले. मधे एक आडवी भिंत. रंग नाही.”

“टोक?”

“सांगितलं ना, निळं.”

“कसं निळं? पूर्ण टोक?”

“नाही. फक्त कडं. टोकाच्या आत बारीक कडं, मधे भोक. बाकी सगळं फिकट आणि तेवढंच निळं.”

“बांगडीसारखं?”

“तुला उपमा लागतातच. कड्यासारखं.”

तो माझ्या कानाच्या बाजूला बघत होता. “हे मी पाहिलंच नाही कधी,” तो म्हणाला. “तेव्हा बाटली नव्हती.”

“बाटली होती. दोन हातांवर होती.”

“हो.”

“मागायची होतीस.”

“तू दिली असतीस?”

“नसती दिली,” मी म्हणाले. “पण मागायची होतीस. वाटी तरी योग्य कुळात गेली असती.”

बसमध्ये लक्षात आलं, काचपट्टी तिथेच राहिली. त्याला तिचा काडीचा उपयोग नाही. परत आणायला जावं लागेल. हाही एक ताप.

२७ मार्च

लेख पुरा केला. धागेवालीचं नाव पहिलं, कारण पुरावा तिचा. मग माझं. मग त्याचं.

निवड मी लिहिली. ‘या दोन्ही एकच असून आम्ही काजळीचं नाव राखतो.’ त्याने दिलं म्हणून नाही. शिक्क्याला ते नको म्हणून नाही, जरी तसं वाटून बरं वाटलं. ते नाव बरोबर आहे म्हणून. मी ठेवलं आणि बरोबर ठेवलं. एवढं म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

वाटीचं रूप प्रथम त्याने पाहिलं, तसं लिहिलं. ‘निळसर होत नाही’ हे त्याचं विधान चुकीचं होतं, तेही लिहिलं.

“हे दुसरं वाक्य हवंच का, मॅडम?” धागेवाली म्हणाली. “त्यांना मीच वाचून दाखवणार आहे.”

“हवंच. मोठ्याने वाच.”

तिने फोनवर वाचलं. पलीकडून त्याचं हसू मला इथपर्यंत ऐकू आलं. म्हणाला, कारण घालायचं असेल तर घाला, त्या वेळी आयोडीन उपलब्ध नव्हतं.

मी फोन ओढून घेतला. “ते खोटं आहे. आयोडीन शेजारच्या टेबलावर होतं.”

“मग तसं लिही.”

‘आयोडीनची चाचणी केली नव्हती,’ असं लिहिलं. आंधळ्याशी कुणी असं वागतं का, असं धागेवालीच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. असू दे. त्याला दिसत नाही म्हणून त्याचं चुकलेलं बरोबर होत नाही. मी त्याला सवलत दिली असती तर त्याला लगेच कळलं असतं.

निवृत्तीनंतर त्याच्या पेट्यांचं काय, असं तिने विचारलं. शेकडो पेट्या आहेत. प्रत्येकीवर आयोडीन टाकून बघावं लागेल, आणखी कुठे कुठे बाटली मागायची राहिली ते कळायला. तो तर बघू शकत नाही. दुसऱ्या कुणाला त्याचं जुनं अक्षर लागत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी जाणार आहे. नाइलाज आहे.

१९ जून

अंक आला. नुसती काजळी. वाटीचं नाव खाली, बारीक अक्षरात, रद्द नावांच्या ओळीत. माहितीपत्रकं गठ्ठ्याने शिक्क्यांच्या दाराशी पडून आहेत. त्यांनी वाटीच्या फोटोवर चिकटवायला पांढऱ्या पट्ट्या मागवल्या आहेत.

आईने अंक हातात घेतला, भिंगाने बघितला, पानं उलटली. तिने आजवर शेजारणीला, दूधवाल्याला, डॉक्टरला सांगितलं होतं, माझ्या लेकीच्या नावाची वाटी आहे, जगात कुठेही जा, तेच नाव.

“म्हणजे आता तुझ्या नावाची वाटी नाही.”

“वाटी आहे. ते नाव नाही.”

“कुणी काढलं?”

“मी.”

आईने अंक मिटला. “लोकांच्या मुली आईबापांचं नाव काढतात. माझ्या मुलीने स्वतःचंच काढलं.”

“हो, काढलं,” मी म्हणाले. “माझं होतं.”